‘नंतर आठवण करा’ : ब्राउझरच्या दुरुस्तीविषयी एक टिपण

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलांना वसतिगृहात सोडण्यासाठी पालक मंडळी येतात, त्या दिवशी शाळेच्या आवारात जत्रेसारखी वर्दळ असते. अशाच एका दिवशी एक पालक मला भेटण्यासाठी व्हरांड्यात थांबले होते. धान कापणीचा हंगाम होता आणि त्यांना सायंकाळपूर्वी गावी परतायचे होते. मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचे पुढे काय झाले, ते त्यांना फोनवर पाहायचे होते. “सर, पान उघडते अन् पांढरेच राहते,” असे म्हणून त्यांनी फोन माझ्या हाती दिला.

फोन चार वर्षांचा जुना होता. त्यातील ब्राउझर, म्हणजे ज्यातून आपण संकेतस्थळे पाहतो ते साधन, दोन वर्षांहून अधिक काळ बदललेले नव्हते. प्ले स्टोअर उघडून पाहिले, तर अनेक अ‍ॅप्स अपडेटची वाट पाहत रांगेत उभी होती. कारण शोधता शोधता एका ओळीपाशी नजर थांबली. अपडेट ‘केवळ वाय-फायवर’ उतरवावे, अशी त्यात मुळापासूनच व्यवस्था होती. त्या फोनने आयुष्यात वाय-फाय पाहिले नव्हते. आज्ञाधारक नोकराप्रमाणे तो दोन वर्षे न येणाऱ्या पाहुण्याची वाट पाहत बसला होता, आणि मालकाला मात्र वाटत होते की सारे आपोआप होत असेल.

पान पांढरे दिसणे ही त्यातली लहान अडचण. त्याच फोनमध्ये मुलीचे बँक खाते होते, साऱ्या कुटुंबाच्या आधार कार्डांची छायाचित्रे होती, जात वैधता प्रमाणपत्राची प्रत होती. ज्या प्रमाणपत्रासाठी आजोबांच्या काळातील दाखले शोधत महिनोन्‌महिने कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागतात, त्याची प्रत ज्या घरात ठेवली आहे, त्या घराचे दार दोन वर्षे दुरुस्त झाले नव्हते. या स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली तेव्हा मला पहिल्यांदा तो फोन आठवला.

मी इतिहासाचा शिक्षक. संगणक कक्ष माझ्याकडे आला, तो अन्य कोणी घेण्यास तयार नव्हते म्हणून. त्यामुळे येथे जे मांडतो आहे ते तज्ज्ञाचे प्रवचन नव्हे, एका विद्यार्थ्याचे टिपण आहे. आणि प्रारंभीच एक कबुली द्यायला हवी. संगणकाच्या पडद्यावर ‘अपडेट उपलब्ध आहे’ अशी चौकट आली की ‘नंतर आठवण करा’ हे बटण मीही वर्षानुवर्षे दाबत आलो. तास चालू आहे, मुले अर्ज भरत आहेत, नेट मंद आहे, अशी कारणे नेहमीच हाताशी असतात. एकदा कक्षातील एका संगणकावर ‘तुमच्या संगणकात विषाणू शिरला आहे, या क्रमांकावर त्वरित फोन करा’ अशी तांबडी चौकट झळकू लागली आणि काही केल्या जाईना. मुले घाबरली. त्यामागे जुना ब्राउझर होता की कोणी मुलाने उतरवलेला खेळ, याचा उलगडा मला करता आला नाही. परंतु त्या दिवसापासून मी या विषयाचे वाचन सुरू केले.

ब्राउझर म्हणजे खिडकी, असे आपण मुलांना सांगतो. ही उपमा अपुरी आहे. खिडकीतून आपण केवळ पाहतो. बाहेरचे आत काही येत नाही. संकेतस्थळ उघडताना मात्र त्या स्थळावरून मजकूर, चित्रे आणि त्यांच्यासोबत छोटे छोटे कार्यक्रम आपल्या यंत्रात उतरतात आणि तेथेच चालतात. ते कोणी लिहिले, कोठे बसून लिहिले, हे आपणास ठाऊक नसते. या अनोळखी पाहुण्यांना ओसरीवर बसवून ठेवायचे, माजघरात जाऊ द्यायचे नाही, हे ब्राउझरचे खरे काम. ते करणारा हा कार्यक्रम लक्षावधी ओळींचा आहे आणि माणसांनी लिहिलेला आहे. म्हणून त्यात चुका आहेत. क्रोम ज्या क्रोमियम प्रकल्पावर उभा आहे, त्याच्या अभियंत्यांनी 2020 मध्ये स्वतःच नमूद केले होते की गंभीर सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे 70 टक्के त्रुटी संगणकाची स्मृती हाताळण्यातील चुकांमुळे उद्भवतात.

अशी चूक किती क्षुल्लक दिसणाऱ्या जागी असू शकते, याचे एक उदाहरण ताजे आहे. ‘वेबपी’ हा चित्रे साठवण्याचा एक प्रकार आहे. आपण रोज पाहतो त्यांपैकी कितीतरी चित्रे याच प्रकारात असतात. ही चित्रे उलगडून दाखवणाऱ्या कार्यक्रमात एक भगदाड आहे, असे अ‍ॅपलचे सुरक्षा-पथक आणि टोरांटो विद्यापीठातील ‘सिटिझन लॅब’ यांनी 6 सप्टेंबर 2023 रोजी गुगलला कळवले. मुद्दाम बिघडवून रचलेले एखादे चित्र पानावर केवळ प्रकट झाले, तरी त्याद्वारे यंत्रात शिरकाव करणे शक्य होते. कशावरही बोट दाबण्याची गरज नव्हती. चोरांना ही वाट आधीच सापडली होती आणि तिचा वापरही होत होता. गुगलने 11 सप्टेंबरला क्रोमची दुरुस्त आवृत्ती दिली, फायरफॉक्सने दुसऱ्या दिवशी. पाच-सहा दिवसांत दुरुस्ती जगासमोर आली. आपल्या पालकांचा तो फोन मात्र त्यानंतरही वाय-फायची वाट पाहत होता.

गोंदिया-भंडाऱ्याच्या माणसाला ही गोष्ट समजावण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपला प्रदेश तलावांचा. कोहळी समाजाच्या कुशल हातांनी बांधलेले तलाव आणि गावोगावच्या बोड्या यांवर येथील धानशेती पिढ्यान्‌पिढ्या पोसली गेली. तलावाची पाळ एकदा बांधली म्हणजे कायमची झाली, असे कोणताही शेतकरी मानत नाही. खेकडे बिळे करतात, उंदीर पोखरतात, पावसाने माती धुपते. पावसाळ्यापूर्वी पाळीवरून फिरून बिळे शोधायची आणि बुजवायची, ही दरवर्षीची रीत. बोटाएवढ्या बिळातून झिरपणारे पाणी रातोरात पाळ फोडते आणि खालच्या बांध्या वाहून नेते, हे ज्याने पाहिले आहे त्याला अपडेटचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. अपडेट म्हणजे पाळीवरची फेरी.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या उपमेची दुसरी बाजूही दिसते. 1951 मध्ये मालगुजारी संपुष्टात आली आणि ते तलाव शासनाकडे गेले. आज आपण त्यांना ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतो. मालगुजारी गेली हे योग्यच झाले. तिच्याविषयी हळहळ बाळगण्याचे आपणास काहीच कारण नाही. पण पाळीची काळजी नेमकी कोणी वाहायची, हा प्रश्न अनेक ठिकाणी अनुत्तरित राहिला आणि कित्येक तलाव गाळाने भरले. वस्तू आपली झाली, तिच्या दुरुस्तीची जबाबदारी मात्र कोणाचीच राहिली नाही, अशी ही स्थिती. आपल्या खिशातील फोनची अवस्था याहून फार निराळी नाही.

तलावाच्या आणि ब्राउझरच्या बिळांत मात्र एक मोठा भेद आहे, आणि माझ्या मते या साऱ्या विषयाचे मर्म तेथेच आहे. खेकडा वर्तमानपत्र वाचत नाही, चोर वाचतो. दुरुस्त आवृत्ती प्रसिद्ध होते, तेव्हा जुन्या आवृत्तीत दोष कोठे होता हेही त्याच क्षणी उघड होते. जाणकार चोर जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी शेजारी ठेवून पाहतो आणि कोणती वीट बदलली ते हुडकतो. याचा अर्थ असा की ज्या दिवशी दुरुस्ती प्रसिद्ध झाली, त्या दिवसापासून दुरुस्ती न केलेले यंत्र पूर्वीपेक्षाही अधिक असुरक्षित होते. काल जे बीळ एखाद-दुसऱ्यास ठाऊक होते, त्याचा आज नकाशा निघालेला असतो. ‘कालपर्यंत चालत होते, आजही चालेल’ हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. क्रोमच्या निर्मात्यांनाही याच अंतराची चिंता आहे. त्रुटी दुरुस्त करणे आणि ती दुरुस्ती लोकांच्या हाती पडणे यांत पूर्वी सरासरी 35 दिवस जात. ते अंतर 15 दिवसांवर आले, आणि ऑगस्ट 2023 पासून सुरक्षेची दुरुस्ती दर आठवड्याला देण्यास आरंभ झाला. ‘रोज रोज काय अपडेट मागतो हा?’ असे जे आपण चिडून म्हणतो, त्याचे उत्तर या आकड्यांत आहे.

या अंतराची किंमत किती होऊ शकते, ते आपल्या राज्याने 2017 मध्ये पाहिले. ती घटना ब्राउझरची नव्हे, विंडोज या मूळ प्रणालीची. परंतु तारखांचा क्रम पाहिला म्हणजे आपल्या विषयाशी तिचे नाते स्पष्ट होईल. विंडोजमधील एका गंभीर दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने 14 मार्च 2017 रोजी दिली. 14 एप्रिलला त्या दोषाचा फायदा घेणारे हत्यारच चोरट्यांच्या एका टोळीने जगजाहीर केले. 12 मे रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू पसरला. दुरुस्तीला तेव्हा 59 दिवस झाले होते. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील 236 पैकी किमान 81 संस्थांना त्याची झळ पोहोचली आणि ठरलेल्या तपासण्या व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. एवढे होऊनही जग पुरते जागे झाले नाही. 27 जून रोजी, मूळ दुरुस्तीनंतर 105 दिवसांनी, ‘नॉटपेट्या’ नावाचा दुसरा विषाणू आला. त्याने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातील संगणक बंद पाडले, आणि नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. देशातील तेव्हाच्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरातील एका टर्मिनलवर संगणकाऐवजी हातांनी नोंदी करण्याची वेळ आली. मर्स्कने आपले नुकसान 20 ते 30 कोटी डॉलरच्या घरात असल्याचे जाहीर केले.

येथे एक गोष्ट लपवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. नॉटपेट्याचा पहिला प्रवेश झाला, तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. चोरांनी त्या कंपनीच्या यंत्रणेत शिरून अपडेटमध्येच विष कालवले होते. शिवाय एकदा आत शिरल्यावर तो विषाणू चोरलेल्या पासवर्डांच्या बळावर दुरुस्त यंत्रांतही पसरला. म्हणजे अपडेट हे रामबाण औषध नव्हे. ‘मग अपडेट करायचेच कशाला?’ असा प्रश्न एका विद्यार्थ्याने वर्गात विचारला, तेव्हा मला आनंद झाला. प्रश्न विचारणारी मुले घडावीत म्हणूनच आपण शाळा चालवतो. मी त्याला विचारले, दवाखान्यात एकदा चुकीची सुई टोचली गेली म्हणून गावाने लस घेणे सोडावे काय? अपडेटमध्ये विष सापडण्याच्या घटना मोजक्या आहेत, अपडेट न केल्याने घडलेल्या असंख्य. मुलाचे पूर्ण समाधान झाले नसावे. पण तो विचार करीत बसला.

ब्राउझरच्याही इतिहासात दुर्लक्षाचा असाच एक अध्याय आहे. टिम बर्नर्स-ली यांनी 1990 मध्ये पहिला ब्राउझर तयार केला. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते 15 ऑगस्ट 1995 रोजी. पुढे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकून बहुतेक साऱ्या जगावर सत्ता मिळवली. त्याची सहावी आवृत्ती 2001 मध्ये आली आणि सातवी 2006 मध्ये. मध्ये पाच वर्षांची सुस्ती. स्पर्धक उरला नाही की सत्ताधाऱ्याला पाळीवर फिरण्याची गरज वाटत नाही, हे राजवटींच्या इतिहासात आपण शिकवतोच. त्या सहाव्या आवृत्तीतील एका अज्ञात दोषाचा उपयोग करून गुगलसह अनेक कंपन्यांत घुसखोरी झाल्याचे जानेवारी 2010 मध्ये उघड झाले. जर्मनी व फ्रान्सच्या शासकीय यंत्रणांनी तर तो ब्राउझर तूर्त वापरू नका, असे नागरिकांना सांगितले. आणि तरीही आपल्याकडील काही कार्यालयांत ‘हे संकेतस्थळ इंटरनेट एक्सप्लोररमध्येच उघडेल’ ही पाटी कितीतरी वर्षे झळकत राहिली! अखेर 15 जून 2022 रोजी मायक्रोसॉफ्टनेच त्याला निरोप दिला.

जी यंत्रे अपडेट स्वीकारूच शकत नाहीत, त्यांचा प्रश्न मला अधिक अस्वस्थ करतो. विंडोज 7 चा आधार जानेवारी 2020 मध्ये संपला. क्रोमची 109 वी आवृत्ती ही त्यावर चालणारी शेवटची. फेब्रुवारी 2023 मध्ये आलेली 110 वी आवृत्ती विंडोज 10 पासून पुढेच चालते. विंडोज 10 चाही सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबला. जुन्या अँड्रॉइड फोनांची कथा याहून वेगळी नाही. आता विचार करा, ही जुनी यंत्रे कोणाच्या घरी असतात? शहरात कोणी नवा फोन घेतो आणि त्याचा जुना फोन बाजारातून फिरत फिरत खेड्यात येतो. कचेरीने काढून टाकलेले संगणक देणगी म्हणून शाळांना मिळतात. देणाऱ्यांविषयी मनात कृतज्ञताच आहे. आपल्या कक्षाची सुरुवातही अशाच यंत्रांनी झाली. परंतु ज्याच्या खात्यात शिष्यवृत्तीचे काही हजार रुपये हीच एकमेव रक्कम आहे, त्याच्याच हाती दुरुस्ती बंद झालेले यंत्र यावे, हा योगायोग नाही. सुरक्षिततेचेही वाटप विषम आहे.

यावर काही उपाय आहेत. जुन्या संगणकावर लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवली, तर त्यावर ब्राउझरच्या नव्या आवृत्त्या चालू शकतात, आणि तिला परवान्याचा खर्च नाही. केरळमधील सरकारी शाळांनी मुक्त प्रणालीचा मार्ग फार पूर्वीच स्वीकारला आहे. आपल्या कक्षातील जुन्या संगणकांवर आम्ही हाच प्रयोग केला. पहिले पंधरा दिवस मुलांपेक्षा मीच अधिक गोंधळलो होतो. फोनच्या बाबतीत मात्र असा सोपा मार्ग नाही. ज्या फोनला कोणतेच अपडेट मिळत नाही, त्यावर बातम्या वाचाव्यात, गाणी ऐकावीत. बँकेचा व्यवहार मात्र घरातील दुसऱ्या, नव्या फोनवर करावा, एवढेच सांगता येते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येतो. फोनवर प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातील आपल्या चित्रावर बोट ठेवावे आणि अ‍ॅप्स व डिव्हाइसच्या व्यवस्थापनात जावे. तेथे वाट पाहणाऱ्या अपडेटची यादी दिसते. सगळी अपडेट करण्याइतका डेटा नसेल, तर क्रोम आणि ‘अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू’ ही दोन आधी करावीत. दुसरे नाव फारसे कोणास माहीत नसते. इतर अ‍ॅप्सच्या पोटात जी पाने उघडतात, ती या वेबव्ह्यूमधून उघडतात, म्हणून त्याचे महत्त्व. घरी वाय-फाय नसेल, तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन मोबाइल डेटावरही अपडेट उतरवण्याची मुभा द्यावी. दिवसाच्या मोफत डेटातून रात्री उरतो, तेवढ्यातही बरेच काम होते. ‘जागा शिल्लक नाही’ असे उत्तर आले, तर व्हॉट्सअ‍ॅपवर जमलेली ‘शुभ सकाळ’ची शेकडो चित्रे काढून टाकावीत. त्याने कोणाची सकाळ बिघडत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

संगणकावर क्रोमच्या उजव्या कोपऱ्यातील तीन टिंबांवर जाऊन ‘मदत’ आणि मग ‘क्रोमविषयी’ हे पान उघडावे. ब्राउझर तेथे स्वतःच तपासणी करतो. एज आणि फायरफॉक्सचीही रीत जवळपास अशीच. परंतु पुष्कळांची चूक होते ती यापुढे. अपडेट उतरले तरी ब्राउझर बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय ते लागू होत नाही. आमच्या कक्षात संगणक बंद न करता केवळ झोपवले जात. त्यामुळे उतरलेली दुरुस्ती आठवडेच्या आठवडे उंबरठ्यावर उभी राही. आयफोनधारकांनी लक्षात ठेवावे की सफारीची दुरुस्ती बहुधा फोनच्या मूळ प्रणालीच्या अपडेटसोबतच येते.

अपडेट आणण्यासाठी आपण जायचे असते. रस्त्यात कोणी हाती देऊ लागला, तर ते घ्यायचे नसते. एखादे पान वाचताना मध्येच ‘तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, येथे दाबा’ अशी चौकट आली, तर ती बंद करावी आणि वर सांगितलेल्या मार्गाने स्वतः तपासावे. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी ‘एपीके’ फाइल पाठवून ती बसवा म्हणाला, मग ती बँकेच्या नावाने असो, वाहनाच्या दंडाच्या नावाने असो वा शासकीय योजनेच्या, तिला हात लावू नये. आणि फोनवर गोड बोलून ओटीपी मागणाऱ्यापासून कोणताही अपडेट वाचवू शकत नाही, हेही पालकांनी मनाशी पक्के करावे. पैसे गेलेच, तर लाज न बाळगता लगेच 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक.

त्या दिवशी त्या पालकांचा फोन शाळेच्या वाय-फायवर ठेवून आम्ही चहा घेत बसलो. तासाभरात क्रोम अपडेट झाला, अर्जाचे पान उघडले. अर्ज एका त्रुटीसाठी परत आला होता आणि दुरुस्त करून पाठवण्याची मुदत संपण्यास चार दिवस उरले होते. मुलीला वर्गातून बोलावून तो तेथेच पूर्ण केला. ते शेवटच्या बसने गावी गेले.

यंदाच्या स्नेहसंमेलनाच्या दिवशी भोजनानंतर सायंकाळपर्यंत संगणक कक्ष उघडा राहील. वाय-फायची व्यवस्था केली आहे आणि आठवी-नववीची मुले-मुली मदतीला असतील. त्यांना हे सारे माझ्यापेक्षा चांगले जमते. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या आई-वडिलांचे फोनही सोबत आणावेत. चार्जर ज्याचा त्याने आणावा, कारण कक्षात सॉकेट आठच आहेत.